वाकळ कुणी शिवली?

गेल्या भागात आपण घरातल्या जुन्या कापडांवर गप्पा मारत होतो आणि बोलता बोलता मी एक वाक्य टाकून दिलं, ‘माझ्या पलंगावर अजून आजीनं शिवलेली गोधडी आहे.’ ऐकायला बरं वाटलं. तुमच्यापैकी काही जणांनी आपापल्या गोधड्यांचे फोटोही पाठवले. मग सांगलीहून आत्याचा फोन आला.

‘बोलतीस छान. पण ती वाकळ आईनं कुठं शिवली? आईला शिवणटिपण कधी जमलंय? ती वाकळवालीनं शिवलीया.’

‘कोण वाकळवाली?’

‘यायची की. सुगी झाली की दरसाल यायची. सोप्यात बसून चार-पाच दिवसांत दोन वाकळा उरकायची. पायलीभर जोंधळं, दोन वेळची भाकरी आणि वर थोडं पैसं.’

‘नाव काय होतं तिचं?’

आत्या थांबली. ‘नाव बघ... आम्ही वाकळवालीच म्हणायचो.’

तर ही आधी जाहीर दुरुस्ती. पण आत्याचा फोन ठेवल्यावर मला दुसरंच काहीतरी खटकायला लागलं. त्याच भागात मी अलाबामातल्या जीज बेंडच्या क्विल्टांबद्दल तावातावानं बोलले होते. त्या शिवणाऱ्या बायकांना म्युझियमनं काय दिलं, काय दिलं नाही, यावर माझी ठाम मतं होती. आणि माझ्याच पलंगावरच्या वाकळेखाली मी चुकीच्या बाईचं नाव लावून मोकळी झाले होते. म्हणून आज जीज बेंडकडे पुन्हा जाऊ, आणि यावेळी आपली वाकळ बरोबर घेऊन जाऊ.

नदीच्या वळणातलं गाव

ज्यांनी तो भाग ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अलाबामा नदी विलकॉक्स काउंटीत एक मोठं वळण घेते. तीन बाजूंनी पाणी आणि मधे गाव, ते जीज बेंड. जोसेफ जी नावाच्या मळेवाल्यानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे कापसाचा मळा घातला. १८४५ मध्ये तो मार्क पेटवे या माणसाकडे गेला आणि त्यानं नॉर्थ कॅरोलिनातून शंभरेक गुलाम माणसं पायी चालवत इथे आणली. गुलामगिरी संपली तरी माणसं तिथेच राहिली, वाट्यानं कापूस पिकवत. आजही गावातल्या कितीतरी लोकांचं आडनाव पेटवे आहे. मालकाचं नाव. हे लक्षात ठेवा, नावांचा मुद्दा पुढे येणारच आहे.

१९३२ मध्ये गावाला उधारी देणारा व्यापारी मेला आणि त्याच्या विधवेनं वसुलीला माणसं पाठवली. त्यांनी जनावरं, अवजारं, साठवलेलं धान्य, सगळं उचलून नेलं. गाव रेड क्रॉसच्या शिध्यावर जगलं. पुढे न्यू डीलच्या योजनेत सरकारनं जमीन घेतली, कर्जं दिली, घरं बांधली. १९३७ मध्ये आर्थर रॉथस्टीन हा सरकारी फोटोग्राफर इथे येऊन गेला. त्याच्या फोटोंत लाकडी भिंतींच्या फटी बुजवायला वर्तमानपत्रं चिकटवलेली दिसतात, आणि बायका क्विल्ट शिवताना दिसतात. या दोन गोष्टींचा संबंध सरळ आहे. त्या फटींतून वारा यायचा.

आपल्याकडच्यासारखीच क्विल्ट तिथेही तीन थरांची. वर तुकडे जोडून केलेलं कापड, मधे कापूस, खाली अस्तर. कापूस जिनिंगच्या गिरणीत खाली सांडलेला किंवा शेतात मागे राहिलेला. तुकडे फाटक्या पँटींचे, पिठाच्या आणि खताच्या पोत्यांचे, जुन्या झग्यांचे. नवं कापड कुणाला परवडत होतं?

भिंतीवर टांगल्यावर

२००२ मध्ये या क्विल्टांचं प्रदर्शन ह्यूस्टनच्या फाइन आर्ट्स म्युझियममध्ये भरलं आणि तिथून न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये गेलं. न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकानं लिहिताना मतीस आणि क्ले यांची नावं घेतली आणि अमेरिकेनं घडवलेल्या आधुनिक कलेतल्या अतिशय थोर गोष्टींत या क्विल्टांची गणना केली. २००६ मध्ये टपाल खात्यानं दहा क्विल्टांची तिकिटं काढली. मी पहिल्यांदा त्या प्रत्यक्ष बघितल्या तेव्हा माझंही तेच झालं. पांढऱ्या भिंतीवर, नीट उजेडात, आठ-दहा पावलांवरून बघितलं तर वाटतं, कुणीतरी मोठ्या हिमतीचा चित्रकार आहे.

ही स्तुती मनापासूनची आहे, आणि तिच्यात एक अडचण आहे. मतीसची उपमा दिली की डोळा मतीसला शोधायला लागतो. रंगाचे चौकोन दिसतात, तोल दिसतो, वाकडी रेघ दिसते. जे मतीसकडे नाही ते दिसायचं राहतं.

उदाहरण घेऊ. मिसूरी पेटवेनं १९४२ मध्ये एक क्विल्ट शिवली. नवरा वारला होता. तिनं त्याचे शेतात घालायचे कपडे घेतले, उसवले, आणि पट्ट्या-चौकोन जोडून क्विल्ट केली. त्याची आठवण राहावी म्हणून, आणि ते पांघरून झोपता यावं म्हणून, असं तिनं लेकीला सांगितलं होतं. ती लेक, अर्लोन्झिया, तेव्हा आईच्या हाताशी होती आणि पुढे स्वतः नावाजलेली क्विल्टकार झाली. आता ही क्विल्ट चित्र म्हणून बघितली तर विटक्या रंगांची मोठी संयत रचना आहे. कापड म्हणून बघितली तर दिसतं की काही तुकडे मधेच जास्त फिके आहेत आणि कडेला गडद. जिथे कापड जास्त घासलं तिथे ते फिकं पडलं, आणि जिथे खिसा होता तिथे मूळ रंग टिकला. तो उतरता रंग कुंचल्यानं आलेला नाही. एका माणसाच्या वर्षानुवर्षांच्या वाकण्या-उठण्यानं आला आहे, आणि मिसूरीनं तो कुठे ठेवायचा ते ठरवलं आहे.

दोन्ही वाक्यं एकत्र वाचा. नुसतं पहिलं घेतलं तर क्विल्ट म्हणजे दुःखाची निशाणी होते, शिवणारी बाई गायब होते. नुसतं दुसरं घेतलं तर ती मतीसची लांबची बहीण होते, नवरा गायब होतो.

ॲनी मे यंगची १९७६ची क्विल्ट याच कारणानं मला सगळ्यांत आवडते. मधोमध कॉर्डरॉयच्या उबदार रंगाच्या पट्ट्या आणि चोहीकडे विटलेलं डेनिम. मधला तुकडा शेकोटीसारखा पेटलेला आणि भोवती कामाचे कपडे. या क्विल्टीचा फोटो एका पुस्तकात छापून आला होता, सरपणाच्या ढिगावर वाळत टाकल्यासारखी. तो बघून बिल आर्नेट हा संग्राहक तिला शोधत जीज बेंडला पोचला. म्युझियमच्या भिंतीची गोष्ट सुरू झाली ती त्या सरपणाच्या ढिगावरून.

‘मायेची ऊब’

अमेरिकन समीक्षकाला नावं ठेवणं मला सोपं आहे. आता आपल्याकडे वळू.

आपण मराठी माणसं गोधडीला मतीस म्हणत नाही. आपण ‘मायेची ऊब’ म्हणतो. मंडळाच्या दिवाळी अंकात, व्हॉट्सॲपवर, ऑनलाइन गोधड्या विकणाऱ्यांच्या जाहिरातीत, जिकडे तिकडे तेच. आजीचं लुगडं, आईची साडी, आणि टाक्याटाक्यात माया. परदेशात राहणाऱ्या आपल्याला तर हे लगेच लागू पडतं. बॅगेत तेवीस किलो बसतात, त्यातले दोन किलो आई गोधडीला देते आणि आपण विमानतळावर वजनकाट्यासमोर लोणच्याची बरणी काढतो, गोधडी ठेवतो.

माया खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण हा शब्द वापरला की एक प्रश्न विचारायचा राहतो, तो म्हणजे हे काम करायला कुणाला आवडत होतं का?

जीज बेंडची लॉरेटा पेटवे याचं उत्तर स्पष्ट देते. तिनं सांगून ठेवलंय की तिला शिवणं आवडत नव्हतं. घरात मुलं होती, थंडी होती, दुसरा उपाय नव्हता, म्हणून शिवलं. आणि तिच्या क्विल्टा? दहा तिकिटांपैकी दोन तिच्या आहेत. १९६५च्या सुमाराची तिची एक क्विल्ट आहे, डेनिम आणि सुती कापडाची. त्या प्रकाराचं नावच तिथे ‘लेझी गॅल’, म्हणजे आळशी पोरगी. नुसत्या उभ्या लांब पट्ट्या, फार तुकडे नाहीत, फार जोड नाहीत. ज्या बाईला वेळ नाही आणि शिवायची हौस नाही तिला परवडणारी रचना. पण कुठली पट्टी किती रुंद घ्यायची आणि कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग, हे तिनं असं जमवलंय की समोर उभं राहिल्यावर पाय हलत नाही.

आता ‘मायेची ऊब’ इथे लावून बघा. काही हाती लागतं का? गरज होती म्हणून क्विल्ट झाली, इतकं कळतं. गावातल्या प्रत्येक घरात तीच गरज होती. मग हीच क्विल्ट अशी का? कारण लॉरेटाला नजर होती. तिनं निवड केली. आवड नसताना, थकलेली असताना, दिव्याच्या उजेडात तिनं निवड केली. माया म्हटलं की ही निवड आपोआप झाल्यासारखी वाटते, जसं काही आईच्या हातातून ती दुधासारखी येते. आणि जे आपोआप येतं त्याचे पैसे कुणी विचारत नाही.

आमच्या घरात पायलीभर जोंधळा तरी दिला. पण मी त्या बाईच्या कामाला ‘आजीची माया’ म्हटलं आणि जोंधळ्याचा हिशोबही पुसून टाकला.

पैसे

जीज बेंडच्या क्विल्टा पहिल्यांदा विकायला गेल्या त्या कला म्हणून नव्हे. १९६२ मध्ये गावाची फेरी बंद करण्यात आली. नदीपलीकडचं कॅम्डेन हे काउंटीचं गाव, मतदार नोंदणीचं कार्यालय तिथे, आणि काळी माणसं नोंदणीसाठी जायला लागली होती. फेरी बंद झाल्यावर रस्त्यानं तासाभराहून जास्त वळसा. ती फेरी पुन्हा सुरू झाली २००६ मध्ये, म्हणजे तिकिटं निघाली त्याच वर्षी. मधे चव्वेचाळीस वर्षं गेली. १९६५ मध्ये मार्टिन लूथर किंग गावात येऊन गेले. नोंदणी केली म्हणून काहींची कामं गेली, काहींना घरं सोडावी लागली.

अशा वेळी, १९६६ मध्ये, फ्रान्सिस वॉल्टर हे पाद्री आणि परिसरातल्या बायका यांनी मिळून फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था काढली. एस्टेल विदरस्पून यांनी ती पुढे वर्षानुवर्षं चालवली. न्यूयॉर्कमध्ये लिलाव झाले, मोठ्या दुकानांच्या ऑर्डरी आल्या. बायकांच्या हातात स्वतःचा पैसा आला.

पण ऑर्डरीचं काम म्हणजे काय, ते तुमच्यापैकी ज्यांनी कधी फ्रीलान्स केलंय त्यांना माहीत आहे. शंभर नग, शंभरही सारखे. टाके मोजून. ठरलेले नमुने, ठरलेले रंग. मनात येईल तशी पट्टी लावायची सोय नाही. १९७२ मध्ये सिअर्सकडून उश्यांच्या कॉर्डरॉय अभ्र्यांचं मोठं काम आलं. अभ्रे एकसारखे शिवून गेले. उरलेल्या कापडाच्या कातरणी बायकांनी घरी नेल्या आणि रात्री स्वतःसाठी क्विल्टा शिवल्या. सत्तरच्या दशकातल्या ज्या कॉर्डरॉयच्या क्विल्टा आज म्युझियममध्ये आहेत, त्यांतल्या बऱ्याच त्या कातरणीतून आल्या.

मला हा सगळ्या गोष्टीचा गाभा वाटतो. दिवसा पैशासाठी जे शिवलं ते अमेरिकेतल्या सोफ्यांवर झिजून गेलं. रात्री घरासाठी जे शिवलं ते टिकलं. म्हणून ‘पैसा आला की कला मरते’ असं कुणी म्हणेल. तसं नाही हो. दिवसाच्या कामातून मुलांची शाळा झाली, दिवे आले, आणि कॉर्डरॉयही आलं. मजुरी नसती तर ती क्विल्टही नसती. फक्त निवड करायचा हक्क एका कामात होता, दुसऱ्यात नव्हता.

पुढे प्रदर्शनं झाली, पुस्तकं झाली, क्विल्टांच्या नमुन्यांच्या चादरी-गालिचे बाजारात आले. २००७ मध्ये ॲनी मे यंग, लॉरेटा पेटवे आणि आणखी एकीनं आर्नेट कुटुंबाविरुद्ध खटले भरले. त्यांचं म्हणणं असं की आमच्या क्विल्टांवर आणि नमुन्यांवर जी कमाई झाली तिच्यातला आमचा वाटा आम्हाला मिळाला नाही. आर्नेट कुटुंबानं आरोप नाकारले. २००८ मध्ये तडजोड झाली, अटी जाहीर झाल्या नाहीत. कोण किती बरोबर हे मला इथे ठरवायचं नाही. पण एक बघा, खटला भरता आला, कारण नावं होती. प्रत्येक क्विल्टीखाली कुणी शिवली, कधी शिवली, हे लिहिलेलं होतं. ते लिहिण्याचं श्रेय त्याच आर्नेटकडे बरंचसं जातं. ज्या भिंतीवर मी वर टीका केली, तिनं हे एक काम चोख केलं.

दान, आणि चिठ्ठीवरचं नाव

आता थोडं माझं. गेल्या हिवाळ्यात मी आमच्या गावातल्या एका गटात जायला लागले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी छोट्या क्विल्टा शिवून हॉस्पिटलला द्यायच्या. दर शनिवारी सकाळी, लांब टेबल, कॉफी, पाच-सहा मशिनं, आणि माझ्याहून तीस वर्षांनी मोठ्या बायका ज्यांना माझ्या टाक्यांची दया यायची.

पहिल्या दिवशी मी मोठ्या हौसेनं आजीच्या इरकल लुगड्याचा तुकडा नेला. आपल्याकडे बाळाला पहिलं पांघरूण जुन्याचं. धुऊन धुऊन मऊ झालेलं, टोचत नाही, आणि घरातल्या कुणाच्या तरी अंगावरचं. मला वाटलं, हे त्यांना सांगावं. गटाच्या मुख्य बाईंनी हळुवारपणे तुकडा परत माझ्या हातात दिला. जुनं कापड चालत नाही. नवीन सुती, वाराला बारा-पंधरा डॉलरवालं, बिनवासाच्या साबणानं धुतलेलं. मला राग आला. घरी येऊन विचार केला तर नियम बरोबरच होता. काचेच्या पेटीतल्या दीड किलोच्या बाळाला माझ्या परंपरेपेक्षा जंतूंपासून संरक्षण जास्त गरजेचं आहे.

दुसरी गोष्ट मात्र अजून पचलेली नाही. क्विल्ट पूर्ण झाली की मागे एक छापील चिठ्ठी शिवायची. तिच्यावर गटाचं नाव आणि कापड देणाऱ्यांचं नाव. शिवणारीचं नाही. मी विचारलं, तर उत्तर आलं की आपण नावासाठी करत नाही. सगळ्यांनी मान डोलावली, मीही डोलावली. पण खरं सांगते, मला नाव हवं होतं. दोन महिने बोटांना सुया टोचून घेतल्या होत्या.

याची जुनी भावंडं आहेत. १८४१ मध्ये राजा नावाचं जहाज लंडनजवळच्या वुलिचहून टास्मानियातल्या होबार्टला निघालं. त्यावर सुमारे १८० शिक्षा झालेल्या बायका होत्या. एलिझाबेथ फ्राय यांच्या मंडळानं त्यांना कापडाचे तुकडे, सुया, दोरा, अंगुस्तान असं सामान दिलं होतं. प्रवासात त्यांनी २,८१५ तुकड्यांची एक क्विल्ट केली. आज ती कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. तिच्यावर रेशमी दोऱ्यानं मजकूर भरलाय, साहित्य देणाऱ्या मंडळाच्या सभासद बायकांचे आभार मानणारा. देणाऱ्या कोण ते कळतं. शिवणाऱ्या म्हणजे ‘जहाजावरच्या कैदी’, इतकंच.

आणि याच्या अगदी उलट एड्सची स्मृती-क्विल्ट. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये क्लीव्ह जोन्स आणि त्याच्या सोबत्यांनी सुरू केलेली. एकेक फलक तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे एक माणूस पुरायला लागते तेवढी जागा. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर १,९२० फलक पसरले गेले आणि नावं मोठ्यानं वाचली गेली. आता फलक सुमारे पन्नास हजार आहेत. शिवणकाम म्हणून बघाल तर कित्येक फलक कच्चे आहेत. गोंदानं चिकटवलेली अक्षरं, वेडेवाकडे टाके, टी-शर्ट, टेडी बेअर. पण तिथे टाका कच्चा आहे म्हणून कुणी नाक मुरडलं नाही, कारण तिथे कलाकुसर नावासाठी राबत होती. ज्यांच्या घरच्यांनी अंत्यविधीतही आजाराचं नाव घेऊ दिलं नाही, त्यांचं नाव कुणीतरी मोठ्या अक्षरांत शिवलं. काही फलकांवर तर फक्त पहिलंच नाव आहे, कारण त्यापलीकडे लिहिणं धोक्याचं होतं.

‘आपण नावासाठी करत नाही’ हे वाक्य ऐकायला मोठं वाटतं. ते कुणी कुणाला सांगावं हे मात्र बघायला पाहिजे.

आपल्या बाजूची एक गोष्ट

जीज बेंडचा विषय निघाला की आपल्याकडची कवंदी सांगितल्याशिवाय राहवत नाही. उत्तर कन्नडच्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी लोक राहतात. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज आफ्रिकेतून पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेले आणि तिथून जंगलात पळून गेलेले. बोली कोकणीच्या जवळची. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची जी गोधडी करतात ती कवंदी. शिवायची रीत बघण्यासारखी आहे. सुरुवात कडेपासून. कडेला तुकडा दुमडून बसवायचा, धावदोरा घालायचा, दुसरा तुकडा, पुन्हा धावदोरा, असं फिरत फिरत आत मध्यापर्यंत. जोडणं आणि शिवणं एकाच वेळी. शेवटी चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या छोट्या तुकड्यांची ‘फुलं’ लावायची, त्याशिवाय कवंदी उघडी.

जीज बेंडमध्ये ‘हाउसटॉप’ नावाची रचना आहे. ती उलटी, मधल्या चौकोनापासून बाहेर वाढत जाते. आफ्रिकेतून ओढून नेलेल्यांच्या नाती-पणती, एक अलाबामात, एक गोव्याच्या शेजारी, दोघींच्या हातात चिंध्या. लगेच म्हणावंसं वाटतं, ही आफ्रिकेची आठवण! पण असाच कडेपासून आत जाणारा धावदोरा माझ्या वाकळेवरही आहे, आणि शेजारच्या कन्नड घरातल्या कौदीवरही. सिद्दी बाईनं शिवलं की रक्तातली आठवण, आणि सांगलीच्या बाईनं शिवलं की माया. दोन्ही वेळा आपण एकच गोष्ट करतो. समोरच्या बाईनं ठरवून, शिकून, शेजारणीचं बघून, स्वतःची भर घालून काम केलंय, ही शक्यता सोडून देतो.

वाकळ उलटी करून

आत्याशी बोलल्यावर मी वाकळ जमिनीवर पसरली आणि पहिल्यांदा तिची मागची बाजू नीट बघितली. टाके जोंधळ्याच्या दाण्याएवढे, सगळीकडे एका मापाचे. मी शनिवारच्या गटात दोन महिने घालवूनही माझा एक टाका मुंगीएवढा आणि एक झुरळाएवढा येतो, त्यामुळे मला आता कळतं हे काय आहे. एका कडेला ओळी थोड्या दाट. कदाचित तिथे ती सकाळी ताजी असताना बसली असेल. वरच्या बाजूला मधोमध आजीच्या हिरव्या लुगड्याचा काठ आडवा लावलेला, जो बाकी रचनेशी मुळीच जुळत नाही आणि तरी सगळी वाकळ त्याच्यामुळेच उभी राहते.

मी आत्याला पुन्हा फोन केला. हा हिरवा काठ कुणाचं डोकं?

‘आता ते आईचं,’ आत्या म्हणाली. ‘कुठला तुकडा कुठं ते आई पुढ्यात बसून सांगायची. ती बाई म्हणायची असं नको, आई म्हणायची असंच. दोघींची मस्त भांडणं चालायची. जेवणं व्हायची, परत भांडणं.’

म्हणजे मी पहिल्या वेळीही पूर्ण चुकले नव्हते आणि दुरुस्तीतही पूर्ण बरोबर नव्हते. वाकळ दोघींची आहे. एकीचे टाके, एकीचा हट्ट. आणि मधे जोंधळ्याचा हिशोब, ज्यात एक मालकीण आणि एक मजूर आहे, हेही विसरायचं नाही. भांडण बरोबरीचं नव्हतं. पण भांडायची तिची तयारी होती, म्हणजे तिचं स्वतःचं मत होतं.

आत्यानं मग गावात विचारलं. तीन म्हाताऱ्यांनी तीन वेगवेगळी नावं सांगितली. मी तिन्ही लिहून ठेवली आहेत. कुठलंही इथे देत नाही, कारण पुन्हा चुकीच्या बाईचं नाव लावायचं नाही.

तुम्हाला एकच सांगणं आहे. आज घरी फोन कराल तेव्हा गोधडीचं विचारा. कुणी शिवली एवढ्यावर थांबू नका. कापड कुणाचं, तुकडे कुणी लावले, टाके कुणी घातले, किती दिवस लागले, काय दिलं. ‘आजीनं मायेनं केली’ असं उत्तर आलं तर ‘हो, पण सुई कुणाच्या हातात होती?’ असं पुन्हा विचारा. जे कळेल ते एका पट्टीवर लिहून मागच्या बाजूला शिवा. टाके वाकडे आले तरी चालतील. आमच्या वाकळेवर मी पट्टी लावली आहे. तिच्यावर आजीचं नाव आहे, गावाचं नाव आहे, आणि त्याखाली एक रिकामी ओळ सोडली आहे.

आत्या अजून विचारते आहे.